थांबासाहेबांचा आचारी

हे कुणालाही खरं वाटणार नाही, आणि ज्याला वाटेल त्यानं आपले पैसे आजच्या आज बायकोच्या हवाली करावेत, कारण इतक्या भोळ्या माणसाच्या खिशात ते टिकायचे नाहीत. पण झालं ते असं. भर सकाळी, लख्ख उजेडात, लिफ्टनं वर येऊन, पायपुसण्याला नीट बूट पुसून एक माणूस एका ऑफिसात येऊन बसला, आणि तो माणूस त्या ऑफिसच्या मालकांनी स्वतः बनवलेला होता. पोटच्या पोरासारखा नव्हे. पोटचं पोर बनवायला दोघं लागतात. हा त्यांनी एकट्यानं, नुसत्या जिभेनं बनवला होता.

मालकांचा धंदा सल्ल्याचा. पैसे कुठे ठेवावेत, किती ठेवावेत आणि मुख्य म्हणजे त्यांना हात कधी लावू नये, हे ते लोकांना सांगत. पहिल्या दोन गोष्टी कुणीही सांगतं, न्हावीसुद्धा सांगतो; तिसरीवर त्यांनी तीन खोल्यांचं ऑफिस उभं केलं. बाजार पडला की लोक धापा टाकत यायचे, काढा हो आमचे पैसे, काढा, आणि हे तळहात वर करून म्हणायचे, "थांबा." बाजार चढला की तेच लोक उड्या मारत यायचे, घर गहाण ठेवतो, अजून घाला, तरी हे म्हणायचे, "थांबा." त्यावरून नाव पडलं थांबासाहेब. बँकेतले कारकून तोंडावर म्हणत, आणि साहेबांना राग यायचा नाही. धंद्यात नाव पडावं लागतं, ठेवून भागत नाही, हेही ते याच धंद्यात शिकले होते.

त्या सकाळी घरून निघताना तर काहीच वेगळं नव्हतं. बायको ओट्याशी उभी राहून मटार सोलत होती. तोंड भिंतीकडे, पाठ यांच्याकडे. त्या भिंतीवर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला, वीतभर आरसा टांगलेला. कधीपासून, ते साहेबांच्या लक्षात नव्हतं. स्वयंपाकघरात आरसा कशाला, असं त्यांनी कधी विचारलंही नव्हतं, फक्त अधूनमधून थट्टा करायचे, "मटारांना नटून दाखवतेस का गं?" ती हसायची आणि मागं न वळता त्या आरशातूनच त्यांच्याशी बोलायची, किल्ली घेतलीत का, रुमाल घेतलात का. त्या दिवशी आरशातल्या तिच्या तोंडानं विचारलं, "पोरीला काय सांगणार आहात?" साहेब म्हणाले, "सांगीन काहीतरी." आरसा म्हणाला, "ते तर तुम्ही सांगताच." आणि पुन्हा मटारांकडे वळला.

पोरीचं दुखणं हे होतं. एकुलती एक लेक, शिकून आलेली, आकड्यांत बापाला सात वेळा विकून परत स्वस्तात घेईल अशी. दोन महिने ऑफिसात येत होती. दोन महिन्यांत तिनं सगळं आवरलं: गिऱ्हाइकांच्या तारखा, विम्याचे हप्ते, टायपिस्टबाईंचा चहासुद्धा. फक्त एक गोष्ट करायला तयार नव्हती. घाबरून आलेल्या गिऱ्हाइकाला जहाजावरच्या आचाऱ्याची गोष्ट सांगायला. आदल्या संध्याकाळी लिफ्टमध्ये, वरच्या लाल आकड्यांकडे बघत, तिनं बापाला सांगून टाकलं होतं.

"बाबा, मला आधी भेटवा त्याला."

"अगं, दर्यावरचा माणूस तो. आज इथे, उद्या तिथे. बसस्टॉपवर उभा असतो का?"

"मग उद्या संध्याकाळी मी बँकेच्या नोकरीला हो कळवते. तिथे निदान खोटी माणसं नसतात."

"तिथे माणसंच नसतात," साहेब म्हणाले. लिफ्टचं दार उघडलं म्हणून ती हसली नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण रात्रभर कुशीखाली काहीतरी टोचत राहिलं. तीन खोल्या, काचेची केबिन, पितळी पाटी, टायपिस्टबाईंचे दुखरे गुडघे, आणि मागं कुणी नाही. लोकांना म्हातारपणाची तजवीज शिकवणाऱ्या माणसाची स्वतःची तजवीज म्हणजे ही एक मुलगी, आणि ती संध्याकाळी बँकेत जमा होणार होती.

तर अशा सकाळी चहावर साय धरेपर्यंत साहेब खुर्चीत नुसते बसून होते, आणि टायपिस्टबाईंनी केबिनचं दार ढकलून डोकं आत घातलं. बाई पहिल्या दिवसापासून ऑफिसात. त्यांचा चेहरा मुळात पांढराच, पण त्या दिवशी भिंतीला लावलेल्या चुन्यासारखा.

"साहेब, बाहेर आचारी आलाय."

"कसला आचारी? कुणी बोलावला?"

"आपला. जहाजावरचा."

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. मग साहेबांनी मान वाकडी करून काचेतून बाहेर पाहिलं, आणि मान तशीच राहिली. बाकावर एक म्हातारा बसला होता. खांदे रुंद, चेहरा वाफेनं शिजल्यासारखा लालसर. शेजारी एक लहानखुरी म्हातारी, मांडीवर पिशवी. म्हाताऱ्यानं डावा हात गुडघ्यावर ठेवला होता, आणि त्या हाताची करंगळीशेजारची अर्धी जागा रिकामी होती.

माणसाला धक्का बसतो म्हणजे नेमकं काय होतं, हे साहेबांनी आजवर गिऱ्हाइकांच्या तोंडावर पाहिलं होतं. ओठ कोरडे पडतात, नजर एका निरुपयोगी वस्तूवर जाऊन चिकटते, टाचणीवर, पेपरवेटवर. आता स्वतःची नजर चहावरच्या सायीवर चिकटलेली पाहून त्यांना वाटलं, अच्छा, हे असं आतून असतं. आत काही हलत नाही. फक्त पाय कुणीतरी हळूच काढून घेऊन गेल्यासारखे. कारण त्या बाकावरच्या माणसाचं ते अर्धं बोट त्यांनी स्वतः तोडलं होतं. शिंप्याच्या दुकानात. कात्रीनं नव्हे, कात्रीकडे बघून. धंदा तेव्हा एका टेबलाएवढा होता. शिंप्यानं दुकानाचा कोपरा भाड्यानं दिला होता, आणि लोक माप द्यायला आले की थोडे पैशाचंही मापून घ्यायचे. तेव्हाच साहेब शिकले की गिऱ्हाइकाच्या समोर बसायचं नाही, शेजारी बसायचं. समोर डॉक्टर बसतो नाहीतर पोलीस. मग पहिल्यांदा बाजार पडला. असा पडला की शिंप्याच्या शिवणयंत्राचा आवाजसुद्धा खाली आल्यासारखा वाटायचा. पहिलंवहिलं गिऱ्हाईक, नाक्यावरचा चष्मेवाला, थरथरत दुकानात आला, माझे काढा म्हणाला. साहेबांनी त्याला आकडे दाखवले, मागचे, पुढचे, सरासरीचे. चष्मेवाल्यानं आपलाच चष्मा काढून ठेवला. त्या क्षणी साहेबांना कळलं की घाबरलेल्या माणसाला आकडे दिसत नाहीत. त्याला माणूस दाखवावा लागतो, त्याच्याहून जास्त घाबरायचं कारण असलेला आणि तरी तगलेला. असा माणूस साहेबांच्या ओळखीत नव्हता. पण शेजारच्या खानावळीतून कांदा तळल्याचा वास येत होता. शिंप्याच्या दोऱ्यांच्या डब्यावर जहाजाचं चित्र होतं. टेबलावर कात्री होती. आणि साहेबांच्या तोंडून आपोआप निघालं, "माझं एक गिऱ्हाईक आहे. जहाजावर आचारी. कांदा कापताना अर्धं बोट गेलेला."

चष्मेवाल्यानं चष्मा परत लावला.

गोष्ट साधीच होती. आचारी पैसे गुंतवून दर्यावर गेला. मागं बाजार कोसळला. सगळ्यांनी विकलं, रडले, पळाले. आचाऱ्याला काही कळलंच नाही. कळलं तेव्हा भरसमुद्रात, फोन नाही, टपाल नाही, करणार काय? कांदे कापत राहिला. वर्षानुवर्षं तसाच फिरत राहिला, आणि परतला तेव्हा बंदरावर त्याची बायको उभी, आणि पैसे केवढे तरी झालेले. चष्मेवाला थांबला. त्याचं भलं झालं. हे महत्त्वाचं आहे. साहेब थाप मारत, पण त्यांची थाप खाऊन कुणी बुडालं नव्हतं, लोक तरले होते. लोणकढी असली म्हणून काय झालं, तूप ते तूपच. चष्मेवाल्यानं मेव्हण्याला सांगितलं, मेव्हण्यानं ऑफिसातल्या चौघांना, आणि टेबलाची खोली झाली, खोलीच्या तीन. मधल्या काळात साहेब आणखीही शिकले. फुकट सल्ला दिला की लोक कानाआड करतात, त्याचीच फी लावली की शहाणपण म्हणून घरी नेतात. फी लावली त्या वर्षी अर्धी गिऱ्हाइकं गेली, आणि राहिलेल्या अर्ध्यांनी पहिल्यांदाच ऐकायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाचं कौतुक चढत्या बाजारात करायचं नाही, तेव्हा तो स्वतःच करत असतो. पण या सगळ्याच्या बुडाशी, जहाजाच्या तळाशी चूल असावी तसा, आचारी. ऑफिसात कामाला आलेली माणसं आधी आचारी शिकायची, मग अर्ज भरायला. एकानं त्याला पोपट दिला. एकानं लंगडा केला. साहेबांनी दुसऱ्या दिवशी त्याचा पाय बरा केला. समोरच्या इमारतीतल्या कंपनीनं तर सरळ चोरून नेला आणि त्याचा बेकरीवाला केला. साहेबांना तेव्हा खरोखरचा राग आला होता, आपल्या रक्तामांसाचा माणूस पळवल्यासारखा.

आणि आता तो रक्तामांसाचा येऊन बाहेर बसला होता. साहेबांच्या मनात एक भलतीच भीती शिरली. हा येऊ शकतो, तर बाकीचे? कारण आचारी एकटा नव्हता. घाई करणाऱ्यांना धाक घालायला त्यांनी एक शाळेतली बाई बनवली होती, जिनं घाबरून सगळं विकलं आणि जी म्हातारपणी भावाच्या घरी धुणी धुते. आपण तिला वाऱ्यावर सोडलं होतं, कसलीही दयामाया न दाखवता, फक्त गोष्ट ठसावी म्हणून. एक जुगारी दातांचा डॉक्टर. दोन जुळे भाऊ. सगळे आता लिफ्टपाशी रांग लावून उभे असतील, शाळेतली बाई सगळ्यांत पुढे, साबणानं कुजलेले हात वर करून. साहेबांना वाटलं, कदाचित उलटंच असेल. आचारी पहिल्यापासून खराच असेल, आणि शिंप्याचं दुकान, कांद्याचा वास, दोऱ्यांचा डबा हेच आपण नंतर बनवलं असेल. माणूस इतकी वर्षं एकच गोष्ट सांगतो तेव्हा कुठलं टोक आधीचं आणि कुठलं नंतरचं, हे त्याचं त्यालाच सापडत नाही. पलीकडच्या केबिनमधून लेक उठून उभी राहिल्याचं त्यांना डोळ्यांच्या कडेनं दिसलं.

"आत पाठवू?" टायपिस्टबाईंनी विचारलं, कुजबुजत, जणू बाहेर मयत आलंय.

आचारी आत आला. त्याच्यामागून म्हातारी येऊन खुर्चीत बसली, आणि तिच्यामागून, बोलावलेलं नसताना, लेक आली. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, हातात फोन.

"तुम्हीच का ते थांबासाहेब?" म्हातारा मोठ्यानं म्हणाला, इंजिनाच्या आवाजावर बोलायची सवय असलेल्या माणसासारखं. "बरे दिसता. मला वाटलं होतं, दाढी असेल."

"तुम्ही… म्हणजे… आपण?" साहेबांच्या तोंडून एवढंच.

"मी आचारी हो. जन्मभर जहाजावर. आता उतरलो. तुमची ती गोष्ट आमच्या जहाजावर एका इंजिनवाल्यानं आणली. बाजार पडला होता तेव्हा. मी काढणारच होतो सगळं. तो म्हणाला, थांब, एक गंमत सांगतो. सांगितली, तर सगळे माझ्याकडेच बघायला लागले. अरे, हा तर तूच! बोटसुद्धा तेच!" त्यानं हात वर करून दाखवला. "माझं कांद्यानं नाही गेलं, दारात चेंगरलं. पण मी म्हटलं, असेल. लांबून गोष्ट येते तेव्हा थोडी सांडते."

साहेबांचा श्वास परत आला, अर्धा. म्हणजे भूत नव्हतं. एक खरा आचारी होता, ज्याला खोटा आचारी भेटला होता, भरसमुद्रात. हायसं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. भूत परवडलं असतं. त्याच्यासोबत मांडीवर पिशवी घेतलेली बायको नसती.

"मग मी थांबलो," म्हातारा म्हणाला. "पुन्हा पडला, पुन्हा थांबलो. आता पुष्कळ झालेत, म्हणतात."

"म्हणतात!" म्हातारी पहिल्यांदा बोलली. "मी काही पाहिले नाहीत. पिंजऱ्यातल्या वाघासारखे आहेत. आहेत म्हणतात, बाहेर काढायची सोय नाही."

"तू गप गं."

"मी गप बसायला लिफ्टमधून वर आले होय? मला चक्कर येते लिफ्टमध्ये." ती साहेबांकडे वळली. "हे बघा भाऊ, यांनी अर्धी दुनिया पाहिली. मी काय पाहिलं? यांची पेटी. मी म्हणते, माझे गुडघे आहेत तोवर मला एकदा त्या बंदरांना न्या. प्रवाशांच्या जहाजानं, आयतं जेवत. यांनीसुद्धा एकदा दुसऱ्याच्या हातचं खाऊन बघावं. तर हे म्हणतात, थांब. तो आचारी थांबला होता. मी म्हणते, असला कुणी आचारी नाहीच. पैज लागलीय आमची. तो असला, तर मी जन्मात तोंड उघडणार नाही. नसला, तर हे उद्या पैसे काढतात."

"आहे तो!" म्हातारा म्हणाला. "साहेब, सांगा हिला. बोलवाच त्याला. मलाही एक विचारायचंय."

"काय?" साहेबांनी विचारलं.

म्हाताऱ्याचा आवाज एकदम इंजिनावरून खाली आला. "तुमच्या गोष्टीत थांबायचं कसं ते आहे. उठायचं कधी ते नाही. त्यानं पुढे काय केलं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आचारी परत यायचा, बंदरावर बायको उभी असायची, पैसे वाढलेले असायचे, आणि तिथे चष्मेवाले, मेव्हणे, मेव्हण्यांचे साहेब सगळे समाधानाचा सुस्कारा टाकून सही करायचे. फी तिथपर्यंतचीच होती. पुढे पायरीच नव्हती, अंधारात पाय टाकल्यासारखं.

"सांगा ना बाबा," दारातून लेक म्हणाली. अगदी साधेपणानं. "मलाही ऐकायचंय. भेटवणारच होतात ना तुम्ही?"

तिच्या अंगठ्याखाली फोन उजळला आणि विझला. साहेबांना दोन्ही दारं स्वच्छ दिसत होती. नाही म्हटलं, असला आचारी नाही, तर म्हातारी जिंकेल, पैसे बाहेर येतील, बंदरं दिसतील. आणि लेकीला बाप दिसेल, बावीस वर्षं रोज खोटं बोलणारा. आहे म्हटलं, तर म्हातारीचे गुडघे पिशवीसकट घरी जातील आणि कायमचे बसतील. शहाण्या माणसानं यातलं एक दार उघडलं असतं. पण जन्मभर जिभेनं भिंती फोडलेला माणूस दारं कशाला शोधेल? साहेबांनी तळहात वर केला.

"थांबा," ते म्हणाले. "सांगतो."

आणि सुरुवात केली. आवाज आधी घोगरा निघाला, मग त्याला त्याची वाट सापडली. जहाज बंदराला लागतं. आचारी पेटी घेऊन उतरतो. बायको उभी असते.

"कधीपासून?" म्हातारीनं मध्येच विचारलं.

"अं?"

"ती उभी कधीपासून आहे? जहाजाला उशीर होतो, मला विचारा. मध्ये कुठे बसली का? काही खाल्लं का? आणि इतकी वर्षं तिनं केलं काय? काही मागितलंच नाही? एकदाही?"

साहेबांनी बंदराकडे पाहिलं, त्यांच्या स्वतःच्या बंदराकडे, आणि हादरले. बायकोला चेहराच नव्हता. आचाऱ्याला त्यांनी बोट दिलं होतं, पोपट दिला होता, लंगडणं देऊन परत घेतलं होतं. त्याच्या सुरीची मूठ कसली, तेसुद्धा ठाऊक होतं. आणि ती बाई सगळा काळ नुसती धक्क्यावर उभी, सामानासारखी, पाठ यांच्याकडे. साहेबांनी तिला मनातल्या मनात हाक मारली. तिनं वळावं म्हणून. ती वळली नाही. पण तिच्यासमोर, जिथे समुद्र असायला हवा होता तिथे, भिंत आली. पिवळट, तेलकट भिंत, आणि भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला वीतभर आरसा. आणि आरशात, एवढासा, तिरपा, बाहेरच्या खोलीतल्या खिडकीचा तुकडा. त्यात आभाळ.

म्हणजे चेहरा बघायला नव्हता तो. इतकी वर्षं ती त्यात स्वतःला बघत नव्हती.

त्यांना एकदम सगळं आठवलं, आणि आठवण अशी आली की कानांत दडे बसले. शिंप्याचं दुकान सोडून पहिली खोली घेतली ते वर्ष. ओट्याशी उभ्या बायकोनं मागं वळून विचारलं होतं, तेव्हा ती वळून बोलायची, "आता जरा बरं चाललंय, तर एक लहानसं घर बघूया का? वरच्या मजल्यावर. मोठं नको. फक्त स्वयंपाकघराला खिडकी असलेलं. उन्हात बसून मटार सोलीन म्हणते." आणि आपण तिला ओल्या हातांसकट खुर्चीत बसवलं होतं, शेजारी बसलो होतो, समोर नव्हे, आणि म्हणालो होतो, "आत्ता काढायचे नसतात गं. थांब. तुला एक गोष्ट सांगतो." तिला. घरच्या माणसाला. संपूर्ण सांगितली होती, पोपटासकट. तिनं नीट ऐकून घेतली होती, आणि उठताना म्हणाली होती, "बरं बाई त्याच्या बायकोचं, उभं राहायला समुद्र तरी मिळाला." मग कधीतरी आरसा आला. तीच आपली सगळ्यांत जास्त थांबलेली गिऱ्हाईक. तिच्याकडून फी घेतली नव्हती म्हणून ते कधी लक्षातच आलं नाही.

"साहेब?" लेकीच्या मागून टायपिस्टबाई म्हणाल्या. "पाणी देऊ?"

"मागितलं होतं," साहेब म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता, किंवा पहिल्यांदाच त्यांचा होता. "का नाही मागितलं? तिनं खिडकी मागितली होती. स्वयंपाकघराला खिडकी. भिंतीकडे तोंड करून जन्म गेला होता तिचा. आचारी धक्क्यावर उतरला, पेटी खाली ठेवली, आणि तिच्याकडे बघून त्याला तिथेच कळलं. म्हणजे काय, की आपल्याला समुद्र होता आणि हिला भिंत. तो घरी गेलाच नाही. तसाच, मिठानं अंग चिकट असताना, तिला घेऊन पैसे काढायला गेला. सल्लागार म्हणाला, थांबा. म्हणजे मी म्हणालो. मी म्हणालो, आणखी थोडं थांबलात तर आणखी वाढतील. तर त्यानं काय केलं असेल? हा हात वर केला, अर्ध्या बोटाचा, आणि मलाच म्हणाला, आता तुम्ही थांबा."

म्हाताऱ्यानं नकळत आपलं अर्धं बोट दुसऱ्या मुठीत धरलं. म्हातारीची पिशवी मांडीवरून घसरली, तिनं ती उचलली नाही.

"घेतलं घर?" तिनं विचारलं.

"घेतलं. त्याच आठवड्यात. वरच्या मजल्यावर, लहानसं. खिडकी अशी," साहेबांनी दोन्ही हात पसरले, ते काचेच्या केबिनच्या दोन्ही भिंतींना लागले, "अशी मोठी. सकाळी ऊन थेट ओट्यावर येतं. ओट्यावरून तिच्या मांडीवर. ती तिथे खुर्ची टाकून बसते आणि मटार सोलते, आणि टरफलं उन्हात अशी, अशी पारदर्शक दिसतात. बोलताना ती वळून बोलते. कधी कधी सोलायचं विसरते आणि नुसती बाहेर बघत राहते. खाली फार काही नाही. एक रस्ता, सायकल दुरुस्तीचं दुकान, दोन झाडं. तिला पुरतं. आचारी दारात उभा राहून तिच्याकडे बघतो. तो मला एकदा म्हणाला, साहेब, एवढी बंदरं पाहिली, पण…"

टायपिस्टबाईंनी पदर डोळ्यांना लावला होता. म्हातारा मान हलवत होता, पैज त्याच्या ध्यानातही नव्हती; दुसरंच काहीतरी जिंकल्यासारखा बायकोला कोपरानं ढोसत होता, "ऐकलंस? काढले त्यानं. त्याच आठवड्यात." साहेबांनी आयुष्यात यापेक्षा चांगली गोष्ट सांगितली नव्हती. त्यांना ती डोळ्यांसमोर दिसत होती, ऊन, टरफलं, वळलेला चेहरा. आणि त्या क्षणी, त्यांचा त्या गोष्टीवर इतका विश्वास बसला की संध्याकाळी आपण त्याच घरी परत जाणार, जिना चढून, वरच्या मजल्यावर, असं त्यांना खरंच वाटलं.

"अजून आहे तिथे," ते म्हणाले. "ती खिडकी. मी स्वतः पाहिलीय."

"खोटं," लेक दारातून म्हणाली. मोठ्यानं, काच थरथरली. तिच्या हातातला फोन विझलेला होता आणि तिचे डोळे भरले होते. "खिडकी आईनं मागितली होती, बाबा. तिच्या भिंतीवर अजून आरसाच आहे."